फाटकावरची वस्त्रपरीक्षा

मे 1954 मध्ये बडोद्यात बाबा पहिलवान नावाच्या मल्लाला एका बाईने 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केले. तिचे नाव हमीदा बानू. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिने जाहीर आव्हान दिले होते की, जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल त्या आव्हानापायी आधीच पाठ टेकून बसले होते, बडोद्याचा तिसरा. बडोदे तेव्हा मुंबई राज्यात होते. आजचा नंदुरबार जिल्हा ज्या पश्चिम खानदेशात मोडत होता, तोही त्याच राज्यात. नंदुरबारच्या माणसाला मुंबईपेक्षा बडोदे आजही जवळ पडते. म्हणजे एका मुसलमान बाईने पुरुषांशी झोंबी घेऊन निकाली कुस्ती जिंकावी ही गोष्ट आपल्या भागाला सर्वस्वी परकी नाही. ती आपल्या आठवणीतून गेली आहे, एवढेच.

ती आज आठवायचे कारण वेगळे आहे. जगात आता रोलर डर्बी नावाचा एक खेळ बायका मोठ्या हौसेने खेळतात. पायांत चाकांचे बूट, लंबगोल धावपट्टी, प्रत्येक बाजूला पाच जणी. त्यातल्या एकीच्या शिरस्त्राणावर तारा असतो. तिने समोरच्या चार जणींची भिंत फोडून पुढे निघायचे आणि त्या चार जणींनी खांद्याने, कमरेने, छातीने तिला अडवायचे. पडणे, आपटणे, खरचटणे हा या खेळाचा नियमित भाग आहे. हिजाब घालणाऱ्या मुसलमान मुलीही हा खेळ खेळतात. त्यांच्याविषयी बोलताना बहुतेक लोकांची पहिली शंका कपड्याची असते. शिरस्त्राणाखाली ते फडके कसे राहते? घरचे कसे सोडतात? धर्माला चालते का? या शंका वाईट हेतूने येतात असे मी म्हणणार नाही. पण खेळणाऱ्या बायकांचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला तर या शंका चुकीच्या जागी बोट ठेवतात असे दिसते. बाईला मैदानाबाहेर ठेवण्याचे कारण कपडा कधीच नव्हता. मैदान ज्याच्या ताब्यात होते त्याने हाताशी आलेले कारण म्हणून कपडा पुढे केला. कपडा कमी असला तरी तो कारण ठरला, जास्त असला तरी ठरला. हे पुराव्याने दाखवता येते, आणि त्या पुराव्यातला मोठा भाग महाराष्ट्रातलाच आहे.

आधी रोलर डर्बीचे मूळ पाहू. 1935 च्या ऑगस्टमध्ये, मंदीच्या ऐन दिवसांत, शिकागोच्या कॉलिझियममध्ये लिओ सेल्त्झर या माणसाने हा खेळ पहिल्यांदा भरवला. तो कुठल्या क्रीडा संघटनेचा पदाधिकारी नव्हता, तिकिटे विकणारा आयोजक होता. एक पुरुष आणि एक बाई अशा जोड्या अनेक दिवस पाळीपाळीने चक्कर मारत राहायच्या आणि अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर त्या बंदिस्त जागेत कापायच्या, अशी ती कल्पना. लोकांना चकरांपेक्षा टकरी आवडतात हे पुढे लक्षात आले आणि टकरी देत प्रतिस्पर्ध्यांना ओलांडून जाण्याचे गुण मोजले जाऊ लागले. इथे महत्त्वाचे हे की बाई पहिल्या दिवसापासून, पुरुषाच्याच नियमांनी, या खेळात होती. ऑलिंपिकमध्ये बाईने किती अंतर धावावे यावर पंडितांचे वाद चालू असताना शिकागोत ती खांद्याला खांदा भिडवून दुसरीला पाडत होती, कारण तिला आत घेणारी जागा तिकिटाची खिडकी होती, संघटनेचे कार्यालय नव्हे. खिडकीला बाईचे काही वावडे नसते; तिला गर्दी हवी असते. या उदारपणाची किंमतही होतीच. हा खेळ नसून तमाशा आहे, निकाल आधी ठरलेले असतात, असा आरोप रोलर डर्बीवर कायम होत राहिला आणि 1973 मध्ये सेल्त्झर घराण्याने तो व्यवसाय बंद केला.

हाच आरोप हमीदा बानूवर झाला, आणि तिथेच तिची कहाणी आपल्या प्रश्नाला येऊन भिडते. मिर्झापूरची ही मुलगी सलाम पहिलवान या उस्तादाकडे शिकण्यासाठी अलीगढला गेली. 1944 मध्ये मुंबईत तिची आणि गूंगा पहिलवानाची कुस्ती ठरली तेव्हा सुमारे वीस हजार लोक जमले होते. गूंगाने जास्त पैसे आणि जास्त वेळ मागितल्याने कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. बाईची कुस्ती बघायला वीस हजार माणसे येतात आणि ती झाली नाही म्हणून दंगा करतात, हे मुंबईचे 1944 चे चित्र आहे. दहा वर्षांनी, 1954 मध्येच, तिने मुंबईत रशियाची व्हेरा चिस्तिलिन हिला मिनिटभराच्या आत हरवले. ही चिस्तिलिन रशियाची मादी अस्वल म्हणून ओळखली जाई. जाहिरातबाजी त्या काळीही कमी नव्हती.

पण याच काळात महाराष्ट्रात तिच्यासाठी दारे लागायला सुरुवात झाली होती. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. दुसऱ्या एका ठिकाणी सोमासिंग पंजाबी या मल्लाला तिने हरवले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले आणि पोलिसांना बोलवावे लागले. जिंकली म्हणून दगड! शेवटी तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार नेली. त्यांचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. ती बाई आहे म्हणून कुस्त्या बंद केलेल्या नाहीत, आयोजक तिच्यापुढे खोटे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून बंद केल्या आहेत, असे ते होते. म्हणजे नुरा कुस्तीचा आरोप.

या आरोपात तथ्य नसेलच असे नाही. त्या काळच्या तिकिटाच्या कुस्त्यांत काय काय चालत असे याचा एक नमुना हमीदाच्याच एका कार्यक्रमातला आहे. तिच्या कुस्तीनंतर एक लंगडा आणि एक आंधळा मल्ल लढणार होते. आंधळ्या मल्लाने ऐन वेळी दात दुखतो अशी तक्रार केली आणि लंगड्याला विजयी घोषित करून टाकले. असल्या बाजारात एखादी जोड ठरवून लावलेली असणे सहज शक्य होते. पण नुरा कुस्ती हा काही बायकांनी आणलेला रोग नव्हता. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना तेव्हा स्टेडियमे भरत आणि त्या लढतींवरही हाच संशय घेतला जाई. तरी पुरुषांची कुस्ती त्यामुळे कोणी बंद केली नाही. पुरुषाची कुस्ती खोटी निघाली तर ती कुस्ती खोटी ठरते, बाईची खोटी निघाली तर बाईचे कुस्ती खेळणेच खोटे ठरते. मोरारजींच्या उत्तरातला तर्क वरवर निःपक्षपाती दिसतो, पण त्याचा भार एकाच पारड्यात पडतो. शिवाय पुरुषाला खिडकीखेरीज दुसरी वाट होती. गावची तालीम होती, यात्रेची दंगल होती, संस्थानिकाचा आश्रय होता, आणि 1953 पासून महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद होती. हमीदाला खिडकीवाचून वाट नव्हती. ती बंद झाल्यावर पुढची वर्षे तिने कल्याणला दूध विकून काढली.

हमीदाच्या छायाचित्रांत तिचे दंड उघडे आहेत, डोके उघडे आहे. हिजाबाचा तिथे मागमूस नाही. मग हिजाबवाल्या खेळाडूच्या इतिहासात तिचे काय काम, असा आक्षेप कोणी घेईल. माझ्या मते तिचे काम नेमके इथेच आहे. मल्लाचा जो पोशाख असायला हवा तोच तिने घातला होता. कपड्याची म्हणून सांगितली जाणारी प्रत्येक अडचण तिने आपल्या बाजूने संपवलेली होती, तरीही ती बाहेरच राहिली. उलट टोकाचे उदाहरण घ्यायचे तर मुंबईच्या लेडी मेहरबाई टाटा. त्या साडी नेसून टेनिस खेळत आणि त्यांनी स्पर्धा जिंकून साठाच्या वर बक्षिसे मिळवली. पाचवारी सांभाळत चेंडूमागे धावणे सोयीचे असेल असे कोणी म्हणणार नाही. तरी त्यांना फाटकावर कोणी अडवले नाही, कारण ज्या जिमखान्यावर त्या खेळत ते जग त्यांच्याच वर्गाचे होते. एकीचा कपडा खेळाला अगदी योग्य आणि तिला बंदी. दुसरीचा कपडा खेळाला गैरसोयीचा आणि तिला मुक्त वाट. कपड्यावरून निवाडा होत असता तर हे उलट व्हायला हवे होते.

नंतरच्या काळात संघटना बळकट झाल्या आणि फाटकावरची तपासणी नियमांच्या पुस्तकात शिरली. 2007 मध्ये कॅनडातील क्युबेकमध्ये अकरा वर्षांच्या एका मुलीला हिजाबामुळे फुटबॉलच्या सामन्यातून बाहेर काढले गेले आणि खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने तो निर्णय उचलून धरला. 2011 मध्ये इराणच्या महिला संघाला याच कारणाने जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना गमवावा लागला. 2012 मध्ये प्रयोगादाखल सूट मिळाली आणि 2014 मध्ये डोके झाकण्याला कायमची परवानगी आली. बास्केटबॉलला आणखी वेळ लागला. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींनी हिजाब काढण्यास नकार दिला आणि सामना सोडला. तो नियम बदलला 2017 मध्ये. मधल्या काळात, 2016 मध्ये, इब्तिहाज मुहम्मद हिने हिजाब घालून अमेरिकेसाठी तलवारबाजीत सांघिक कांस्यपदक मिळवले होते. तरी प्रश्न मिटला नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये यजमान फ्रान्सने आपल्या खेळाडूंना हिजाब घालू दिला नाही आणि धावपटू सुंकाम्बा सिला उद्घाटन सोहळ्यात टोपी घालून आली.

एवढ्यावरून हा मुसलमान बायकांवरच्या अन्यायाचा इतिहास आहे असा निष्कर्ष काढावासा वाटेल, पण तो अपुरा आहे. खेळांच्या संघटनांनीच इतर बायकांना कमी कपडे घालायलाही भाग पाडले. बीच व्हॉलीबॉलमध्ये 2012 पर्यंत बायकांना बिकिनी किंवा अंगासरशी एकसंध पोशाख यांपलीकडे फारशी निवड नव्हती. 2021 मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी आखूड चड्ड्या घातल्या म्हणून त्यांना 1500 युरो दंड झाला. आणि दुसऱ्या बाजूने, मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा 2005 मध्ये टेनिसच्या स्कर्टवर खेळते म्हणून एका मौलवीने फतवा काढला होता. फ्रान्सचे मंत्रालय, हँडबॉलची संघटना आणि तो मौलवी हे एकत्र बसून चहा पिणारे लोक नव्हेत. त्यांना हवा असलेला कपडा वेगवेगळा आहे. बाईने काय घालावे ते आम्ही ठरवू, हा हक्क मात्र तिघांनाही हवा आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. झोंबीच्या खेळात गळ्याभोवतीचे कापड ओढले गेले तर जीवावर बेतू शकते. फुटबॉलच्या मंडळाने सुरुवातीला हेच कारण दिले होते आणि ते कारण खोटे नव्हते. पण कारण खरे असले की त्यावर उपाय शोधला जातो. गाठ आणि टाचण्या नसलेला, ओढला की सुटून येणारा, ताणणाऱ्या कापडाचा हिजाब तयार झाला आणि 2014 च्या परवानगीला त्याचा आधार मिळाला. रोलर डर्बीत तर शिरस्त्राण, दातांचे कवच, कोपर, मनगट आणि गुडघ्यांची आवरणे सगळ्यांनाच सक्तीची आहेत. घट्ट बसणाऱ्या शिरस्त्राणाखाली केस कशात बांधले आहेत याने समोरचीला काही फरक पडत नाही. या खेळात हा वाद फारसा का पेटला नाही, याचे कारण मात्र शिरस्त्राण नाही. 2001 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात हा खेळ पुन्हा सुरू झाला तो बायकांनीच केला. पुढच्या काही वर्षांत उभी राहिलेली त्यांची संघटना खेळाडूंनीच चालवलेली आहे, नियमही त्याच ठरवतात. फाटके मोजे घालणारी आणि नखशिखान्त झाकलेली अशा दोघी तिथे एका संघात खेळू शकतात, कारण फाटकावर उभी असलेली व्यक्ती त्यांच्यातलीच आहे. सेल्त्झरच्या खिडकीने बाईला आत घेतले होते, पण खिडकी बंद करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला होता. ऑस्टिनच्या मुलींनी तो अधिकारच घेतला.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. हिजाब ही निवड नसून दडपण असेल तर? खेळाने त्याला जागा करून देणे म्हणजे त्या दडपणावर शिक्का मारणे नव्हे का? हा प्रश्न विचारणाऱ्यांना इस्लामद्वेष्टे ठरवून मोकळे होता येणार नाही. याला दोन भारतीय खेळाडूंनी कृतीने उत्तर दिले आहे. 2016 मध्ये नेमबाज हीना सिद्धूने तेहरानच्या आशियाई एअरगन स्पर्धेतून माघार घेतली, कारण तिथे हिजाब सक्तीचा होता. 2018 मध्ये पुण्याची बुद्धिबळपटू सौम्या स्वामीनाथन हिने त्याच कारणाने इराणमधल्या आशियाई सांघिक स्पर्धेत खेळायला नकार दिला. ती 2009 ची कनिष्ठ गटातली जगज्जेती. संघात नसणे म्हणजे काय ते तिला पुरते ठाऊक होते. या दोघींची बाजू घेणाऱ्या माणसाला कतारच्या बास्केटबॉलपटूंची बाजूही घ्यावी लागेल. एकीकडे सक्तीने झाकायला सांगणे आणि दुसरीकडे सक्तीने उघडायला सांगणे यांत फरक करायचा तर तो कापडाच्या लांबीवर करता येणार नाही. 2022 मध्ये इराणची क्लाइंबिंगपटू एल्नाझ रेकाबी सोलच्या स्पर्धेत डोके न झाकता भिंत चढली, तेव्हा जगाने तिचे कौतुक केले ते योग्यच होते; तेच कौतुक हिजाब घालून धावणारीच्या वाट्याला येताना मात्र अडखळते.

दडपण घरातून, जवळच्या माणसाकडूनही येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हमीदा बानूला युरोपात जायचे होते. तिच्या नातवाने सांगितलेली हकीकत अशी की सलाम पहिलवानाने तिला मारहाण करून तिचे हात मोडले. ज्याने डाव शिकवले त्यानेच वाट अडवली. मात्र घरातले दडपण हे बाहेरचे फाटक लावून घेण्याचे कारण होऊ शकत नाही. घरात मुलगी हुज्जत घालून सवलत मिळवते ती बहुधा तिच्या कपड्याच्या अटीवर. हिजाब घालून जाते पण जाऊ द्या, असा तो सौदा असतो. आदर्श सौदा नव्हे, पण खेळायला निघालेल्या मुलीच्या हातात तेवढाच असतो. फाटकावर कोणी तो हिजाब काढायला लावला की घरचा सौदा मोडतो आणि मुलगी घरी बसते. दडपण आणणाऱ्याचे यात काही बिघडत नाही.

आता नंदुरबारकडे. 1998 मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आदिवासीबहुल आहे. भिली, पावरी, मावची, गुजरी, अहिराणी, उर्दू, गुजराती असे इथले बोलणे. नंदुरबार शहर सुरत ते बुऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी वाटेवरचे. 1666 मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली होती. वाटेवरच्या गावात जे होते तेच इथे झाले, अनेक जातीजमाती येऊन राहिल्या, आणि मुसलमानांची वस्ती इथे शतकानुशतकांची आहे. डोके झाकणे ही या भागात एकाच धर्माची रीत कधी नव्हती. खानदेशी सुनेने वडीलधाऱ्यांपुढे डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही हा दंडक हिंदू घरांतूनही कडक होता. खेड्यातली मुसलमान बाईही पिढ्यान् पिढ्या साडीच नेसत आली आणि पदरानेच डोके झाकत आली. काळा बुरखा सर्रास दिसू लागला तो अलीकडचा. तेव्हा हिजाबाला परकीय ठरवून खेळाच्या आड आणणाऱ्याने आधी आपल्या आजीच्या पदराचा हिशेब द्यावा.

बायकांच्या अंगमेहनतीच्या खेळालाही इथे बंदी नव्हती. पण त्याला वेळ आणि जागा ठरवून दिलेली होती. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या मुली उंच झोके घेत, फुगड्या घालत, टिपऱ्या खेळत. तेव्हा पदर कुठे गेला म्हणून कोणी दटावत नसे. सातपुड्यात काठी गावच्या राजवाडी होळीला बायका रात्रभर नाचतात. साताऱ्याकडे सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीनंतर ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात, आणि पंचक्रोशी ते बघायला लोटते. म्हणजे बाईची ताकद, धिटाई, आरडाओरडा यांचे समाजाला वावडे नाही. सण आहे तोवर सगळे चालते, कारण सणाच्या दुसऱ्या दिवशी मैदान पुन्हा पुरुषांचे होते. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीचे बघा. जोड लावणारे पंच, इनाम देणारी यात्रा समिती, फडाभोवतीची गर्दी, सगळे पुरुष. नारळापासून चांदीच्या गदेपर्यंतचे बक्षीस कोणाला मिळावे ते हेच मंडळ ठरवत आले. तिथे बाई बसण्याची वेळ आली नाही, त्यामुळे तिच्या कपड्याचा वादही झाला नाही. वाद झाला नाही याचा अर्थ मोकळीक होती असा घेऊ नये.

नंदुरबार शहरातच 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले त्या स्वातंत्र्यलढ्यातल्या मिरवणुकीत मुलीही होत्या. पोलिसाने त्यांच्यावर बंदूक रोखली तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला, अशी हकीकत सांगितली जाते. रस्त्यावर बंदुकीपुढे मुलगी चालली; तिच्या धिटाईचा अभिमान नंदुरबारने आजवर बाळगला. देशासाठी बाहेर पडणे आणि स्वतःच्या मौजेसाठी बाहेर पडणे यांत समाजाने केलेला हा भेद कपड्याच्या कोणत्याही नियमापेक्षा जुना आणि चिवट आहे. खेळ म्हणजे मौज. बाईने कुणाच्याही उपयोगाला न येणारी मौज, रोज संध्याकाळी, चारचौघांत करावी, हे पचायला जड जाते. हिजाबावर बोलणे त्यामानाने सोपे.

जिल्ह्यातलाच एक पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या भागांतल्या आश्रमशाळांच्या मुली कबड्डी, खो-खो खेळतात, धावतात. नंदुरबार आणि तळोदा या आदिवासी विकास प्रकल्पांकडून त्यांच्या स्पर्धा भरतात. या मुलींच्या घरची परिस्थिती शहरातल्या मुसलमान मुलीच्या घरापेक्षा बरी असते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या बाजूने आहे ती व्यवस्था. निवासी शाळा, तिच्या आवारातली मोकळी जागा, वेळापत्रकातला तास, न्यायला-आणायला शिक्षक. गावठाणातल्या दाट मोहल्ल्यात वाढणाऱ्या मुलीला यातले काय मिळते? शाळेच्या इमारतीला चिकटून दुकाने, जवळच्या मैदानावर संध्याकाळी मुलांचे क्रिकेट. तिने हिजाब काढला तरी ते क्रिकेट थांबणार नाही.

मुंब्र्याच्या मुलींनी हे ओळखले होते. ठाण्याजवळच्या या मुसलमानबहुल उपनगरात परचम या संस्थेने 2012 च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला. काही हिजाबात खेळत, काही तशाच. मुसलमान आणि इतर धर्मांच्या मुली एका संघात. त्यांनी घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या त्या मागणीत कपड्याचा विषय नव्हता. मागणी एकच होती: मुलींना खेळायला राखीव जागा. आणि मग कपड्यावरचे वाद त्यांनी आपापल्या घरी, आपापल्या पद्धतीने सोडवले.

खानदेशात पोटाचे प्रश्न एवढे असताना चाकांच्या बुटांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. रोलर डर्बी नंदुरबारला येवो न येवो, त्याने फारसे बिघडणार नाही. पण मोकळ्या मैदानाला चाकांचे बूट लागत नाहीत. आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सात, मुलींसाठी आणि प्रशिक्षक बाईसह, एवढ्या तरतुदीला नगरपालिकेचा एक ठराव पुरतो. तो नसल्याचे खापर मुलीच्या डोक्यावरच्या फडक्यावर फोडणे स्वस्त पडते, म्हणून ते फोडले जाते. कुस्तीचे उदाहरण समोरच आहे. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये 2004 ला आली, आणि पुरुषांना 1961 पासून मिळत आलेला महाराष्ट्र केसरी हा किताब बायकांसाठी सांगलीत मार्च 2023 मध्ये पहिल्यांदा ठेवला गेला. प्रतीक्षा बागडी जिंकली. अंतिम फेरीत तिच्याकडून हरलेली वैष्णवी पाटील कल्याणची, म्हणजे हमीदा बानूने दूध विकून दिवस काढले त्याच गावची. 1954 पासूनच्या या एकोणसत्तर वर्षांत बायकांच्या अंगात नवी ताकद आली नाही आणि मल्लाचा पोशाखही फारसा बदलला नाही. कुस्तीगीर परिषदेने किताब ठेवायचे ठरवले, एवढाच बदल झाला.